कपिला काय बोलायची?

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारी आम्ही रॉबर्टसनला जाऊन आलो. सिडनीपासून गाडीने दोनेक तासांवर आहे. लाल माती, हिरवीगार कुरणं आणि बटाट्याची शेती. बाबा, माती हातात घेतली तेव्हा तुमची फार आठवण आली.

नातीने हट्टच धरला होता, कारण ‘बेब’ हा सिनेमा तिथे चित्रित झालाय. 1995 सालचा. तिने आठवड्यात तीनदा पाहिला, तिच्याबरोबर मीही. जत्रेत वजन ओळखण्याच्या पैजेत एका शेतकऱ्याला डुकराचं पिल्लू मिळतं. राखणीची कुत्री त्याला पोटच्या पिल्लांसारखं सांभाळते आणि ते मेंढ्या वळायला शिकतं. दरडावून नाही, विनवून! पिल्लं भराभर वाढतात, म्हणून त्या एका बेबसाठी 48 पिल्लं वापरली होती. प्राण्यांची तोंडं कुठे संगणकावर हलवलीत, कुठे चक्क यांत्रिक बाहुल्या आहेत. पण बघताना ते काही जाणवत नाही.

तो शेतकरी दिवसभरात चार शब्द बोलत नाही. पण माणसं डुकरं खातात हे कळल्यावर पिल्लू पळून जातं, पावसात भिजून आजारी पडतं, खाणंपिणं सोडतं. तेव्हा हा उंच, अबोल माणूस त्याला मांडीवर घेऊन गाणं म्हणतो आणि मग उठून घरभर नाचतो. तिथे मला रडू आवरेना. लेक घाबरून बघत राहिली.

बाबा, चौथीत मला कावीळ झाली होती ते आठवतं? मी पेज तोंडात घेत नव्हते. तुम्ही गोठ्यातून आलात, उंबऱ्यात बसलात आणि कपिलेच्या आवाजात बोलायला लागलात. “माझं वासरूसुद्धा पितं, तू का नाही पीत गं?” रोज संध्याकाळी कपिला नवीन काहीतरी बोलायची. आई, तू दाराआड पदर तोंडाला लावून हसायचीस, मला दिसायचं. मी बरी झाले आणि कपिला गप्प झाली. तुम्हीही.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? जिना सारखा चढू नकोस.

बाबा, रविवारी फोन आला की “घे, आईशी बोल” म्हणून लगेच तिच्या हातात देऊ नका. आजोबांची गाय काय बोलायची, हे नातीला ऐकायचंय. आणि मलाही.

तुमची,
ताई