आक्कांच्या पेट-एमआरआयची तयारी

जळगाव,
१८ डिसेंबर

प्रिय सुभाष,
सप्रेम नमस्कार.

आक्कांच्या पेट-एमआरआयची, म्हणजे कर्करोगाच्या गाठी बघायच्या स्कॅनची, तारीख लागली, बरं झालं. मुंबईच्या सेंटरवाल्यांनी फोनवर ‘सहा तास उपाशी या, दागिने काढून या’ एवढंच सांगितलं, असं तू लिहितोस. ते बरोबरच आहे, पण अर्धवट. हा स्कॅन बिघडतो तो बहुतेकदा आदल्या दिवशी घरात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मशीन एक असलं तरी तपासण्या दोन. एमआरआयचं वैर धातूशी, पेटचं साखरेशी. शिरेतून जे औषध देतात, एफडीजी, ते किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं ग्लुकोजच असतं. जो अवयव जास्त साखर ओढतो तो चित्रात उजळ दिसतो. औषध गाठीने ओढावं, स्नायूंनी आणि आतड्यांनी नाही, यासाठी ही सगळी खटपट.

आदल्या दिवशी केळी, भात, पोहे, बटाटा, गूळ, मांडे बंद. यावलच्या घरात केळीला नाही म्हणणं अवघड, पण एका केळ्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं जातात. भरीत खुशाल खाऊ दे, भाकरी मात्र अगदी नावापुरती. अंडी, पनीर, चिकन चालेल. रात्रीच्या जेवणानंतर फक्त साधं पाणी, तेही भरपूर. बिनसाखरेचा चहा, बडीशेप, सुपारी, तंबाखूची मिश्री काहीच नको. ‘चहाने काय होतं’ म्हणणारं कोणीतरी घरात असतंच, त्याला आधीच सांगून ठेव.

आक्कांना मधुमेह आहे, म्हणून हे नीट वाच. इंजेक्शनच्या वेळी रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या वर गेली तर बहुतेक ठिकाणी तपासणी पुढे ढकलतात. रक्तातली साखर आणि एफडीजी एकाच दारातून पेशीत शिरतात, गर्दी झाली की औषध बाहेरच राहतं. तेव्हा आजपासूनच सकाळी उपाशीपोटी ग्लुकोमीटरवर बघून वहीत लिहीत जा. साखर चढलीय म्हणून ऐनवेळी इन्सुलिन टोचायचं नाही, कारण त्याने औषध सरळ स्नायूंत जातं. इन्सुलिन आणि एफडीजीत किमान चार तासांचं अंतर हवं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने आतडी उजळून निघतात आणि पोटातलं काही ओळखू येत नाही. काही ठिकाणी ती गोळी ४८ तास आधी थांबवतात, पण तुझ्या मनाने थांबवू नको, त्यांच्या डॉक्टरांना विचार.

सध्या कापसाची वेचणी चालू असेल. चोवीस तास आधीपासून शेत, दळण, पाण्याचे हंडे सगळं बंद. राबलेला स्नायू दुसऱ्या दिवशीही साखर ओढतो. थंडीचंही तसंच. अंग गारठलं की मानेजवळची आणि खांद्यांवरची तपकिरी चरबी उष्णता तयार करायला लागते आणि चित्रात गाठींसारखी दिसते. डिसेंबरातली आपली थंडी आणि त्यात गाडीचा एसी डबा! स्वेटर, कानटोपी, घोंगडी बरोबर असू दे.

आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला जा. रात्रीच्या गाडीने सकाळी उतरून थेट सेंटर गाठायचा बेत मला पसंत नाही. एफडीजी दर ११० मिनिटांनी निम्मं होतं आणि आक्कांच्या वेळेचा हिशोब करूनच मागवलेलं असतं. गाडी दोन तास रखडली की डोस वाया. शिवाय बॅगा घेऊन पुलाचे जिने चढणं आलंच.

आता धातू. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, बांगड्या, कमरेचा करगोटा, गळ्यातला ताईत घरीच काढा. चमकी वर्षानुवर्षं निघालेली नसते, ती तिथे जाऊन ओढण्यापेक्षा आधी सोनाराकडून सोडवून घ्या. ब्लाउजचे हूक आणि साडीला लावलेल्या पिना विसरू नका. काजळही नको, काहींत धातूचे कण असतात. काढता येणारी कवळी बाहेरच ठेवतात. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट यांपैकी काही असेल तर आजच फोन करून सांग, दारात सांगून उपयोग नाही. पूर्वी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल तर तेही सांग. धातूने एमआरआयचं चित्र फाटतं एवढंच नसतं. औषधाचे काही किरण शरीरातच अडतात, म्हणून या मशीनमध्ये पेटचे आकडे एमआरआयच्या नकाशावरूनच दुरुस्त केले जातात. धातूच्या जागी नकाशात काळं भोक पडतं, मशीन तिथे हवा समजतं, आणि शेजारची गाठ आहे त्यापेक्षा फिकी मोजली जाते.

इंजेक्शनआधी आजाराची बाजू सांगायची, सुई शक्यतो दुसऱ्या हाताला लावतात. औषध शिरेबाहेर झिरपलं तर काखेतली गाठ उगाच उजळते. अलीकडे लस घेतली असेल तर कोणत्या दंडात, तेही सांगा. मग तासभर पांघरूण घेऊन पडून राहायचं. बोलायचं नाही, मोबाईल नाही. बोललं की स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. आक्कांना गप्प बसवणं हेच सगळ्यात कठीण! स्कॅनला जाताना लघवी करून घ्यायची, कारण औषध मूत्राशयात साठतं. कपड्यावर थेंब सांडला तर तोही डाग म्हणून दिसतो, तेव्हा लाजू नका, सांगा आणि गाऊन बदलून घ्या.

नळीत पाऊण ते दीड तास जातो, आवाज मोठा असतो. कानात बोळे देतात, हातात दाबायचा फुगा देतात. गुडघ्याखाली उशी मागा, नाहीतर कंबर दुखून हालचाल होते. श्वास सोडून पंधरा सेकंद थांबायचा सराव घरी खाटेवरच करून घ्या. बंद जागेत जीव घाबरत असेल तर आधी कळवा. गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचं चित्र ठळक करणारं इंजेक्शन, देणार असतील तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट लागतो.

झाल्यावर जेवू दे, पाणी पाजत राहा. सहा तास नातवाला मांडीवर घ्यायचं नाही, आणि धाकट्या सुनेला दिवस गेलेत म्हणतोस, तर तिनेही तेवढा वेळ लांबच राहावं. त्याच रात्री गाडीने परत निघायला हरकत नाही.

फाईलमध्ये ऑपरेशन, बायोप्सी, केमोच्या तारखा आणि जुन्या स्कॅनच्या सीडी ठेव. आक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्याच्या कार्डावर इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेल छापलेलं असतं. त्याचा फोटो मला उद्याच पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश