पराभवानंतरचे अ‍ॅडम्स

जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांची ओळख ‘दुसऱ्या अमेरिकी अध्यक्षांचा मुलगा, सहावा अध्यक्ष’ एवढ्यावरच आटोपली जाते, याचे वाईट वाटते. १८२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांच्याकडून हरल्यावर ते घरी बसले नाहीत. १८३१ पासून साधे प्रतिनिधी म्हणून अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) प्रतिनिधी सभागृहात आले. लोकांनी पाठवलेले गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेलाच घ्यायचे नाहीत, असा ठराव १८३६ मध्ये झाला. सत्तरीला टेकलेले अ‍ॅडम्स तरीही अर्जांचे गठ्ठे घेऊन उभे राहत, आरडाओरडा झेलत. १८४४ मध्ये ती बंदी उठवूनच ते थांबले. (केवढी ही चिकाटी!) २१ फेब्रुवारी १८४८ रोजी ते सभागृहातच, आपल्या जागेवर कोसळले. दोन दिवसांनी सभापतींच्या खोलीत त्यांनी प्राण सोडला.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा