ऍसिडची बाटली न्हाणीतून बाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या गल्लीत हातगाडीवाल्याची आरोळी सुरू होते, ‘फिनेल, ऍसिड!’ पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांत पिवळसर ऍसिड भरलेलं असतं. वर चिठ्ठी नाही, झाकणाला सील नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच एका बाटलीपायी माझ्या धाकट्या जाऊबाईंना दोन रात्री ऑक्सिजनवर काढाव्या लागल्या, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

न्हाणीतल्या फरशीवरचे पांढरे थर निघेनात म्हणून त्यांनी ऍसिड ओतलं आणि खराट्यानं घासलं. कोपऱ्यातलं शेवाळ तरीही जाईना. मग टाकी धुवायला आणलेली ब्लीचिंग पावडर त्याच ओल्या फरशीवर टाकली. दार लोटलेलं होतं आणि खिडकी म्हणजे वीतभर झरोका. खोकल्याचा आवाज ऐकून आम्ही धावलो, तेव्हा त्या दाराला धरून उभ्या होत्या, श्वास लागेना. ऍसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. क्लोरीन कसा तयार होतो ते फळ्यावर कितीदा लिहिलं असेल, पण माझ्याच घरातल्या माणसाला ते कधी सांगितलं नव्हतं. ही खंत अजून जात नाही.

आमच्याकडे घरोघरी ऍसिड का लागतं, याचं कारण पाण्यात आहे. लातूर, औसा, निलंगा या भागात बहुतेक घरं बोअरच्या पाण्यावर चालतात. या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार फार. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. यात साबणाला फेस येत नाही, उलट क्षारांशी मिळून त्याचा चिकट मळ होतो आणि बादलीच्या कडेला बसतो. नळाच्या तोटीवर, गिझरमध्ये, संडासच्या भांड्यात पांढरे खडबडीत थर चढतात. हे थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. ऍसिड टाकलं की फसफसून विरघळतात, म्हणून बायांना ते जादूसारखं वाटतं. पण शहाबादी फरशीसुद्धा चुनखडीचाच दगड आहे. डागाबरोबर फरशीही झिजते, तिची चकाकी जाते, ती खरखरीत होते आणि पुढच्या वेळी डाग आणखी घट्ट बसतो. मग आणखी ऍसिड. माझ्या सासूबाईंच्या हातची चाळीस वर्षं जुनी फरशी अशीच आमच्या हातांनी खराब झाली.

त्या दिवाळीनंतर ऍसिड मी घरात येऊ दिलं नाही. तोटीवरच्या थराला आता लिंबूसत्त्व वापरते. किराणा दुकानात सुटं मिळतं. दोन चमचे लिंबूसत्त्व तांब्याभर कोमट पाण्यात विरघळवायचं, जुन्या बनियनचा तुकडा त्यात भिजवून तोटीला गुंडाळायचा आणि रात्रभर राहू द्यायचा. सकाळी ब्रशनं घासलं की थर सुटतो. संडासच्या भांड्यातही तेच पाणी रात्री ओतून ठेवायचं. जे ऍसिड पाच मिनिटांत करतं त्याला इथे सात-आठ तास लागतात, पण त्या वेळात आपण झोपलेले असतो. एवढंच, की शहाबादी फरशीवर, संगमरवरी देवघरावर हेही टाकायचं नाही, कारण आंबट ते आंबटच, चुनखडीला खाणारच. फरशीसाठी गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा पुरतो. जर्मनच्या, म्हणजे ऍल्युमिनियमच्या पातेल्यांना मात्र सोडा लावू नये, ती काळी पडतात.

कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी मी रिठ्याकडे वळले, त्याची आठवण २०१६ च्या उन्हाळ्याशी जोडलेली आहे. मांजरा धरण आटलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाच लाख लीटर पाणी. त्या दिवसांत माहेरी लातूरला गेले की कळशी-कळशीचा हिशेब चालायचा. पावडरीचे कपडे तीन पाण्यांतून काढले तरी हाताला बुळबुळीत लागायचे. आईनं माळ्यावरची रिठ्याची पिशवी काढली. आठ-दहा रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं रात्रभर भिजत घालायची, सकाळी एक उकळी आणून कुस्करायची आणि गाळून घ्यायचं. आमच्या जड पाण्यात साबण फाटतो, पण रिठ्याचा फेस फाटत नाही, कारण त्यातलं सॅपोनिन क्षारांशी मिळून साका धरत नाही. कपडे एका पाण्यात निघायचे आणि उरलेलं पाणी बादलीनं परसातल्या पपईला आणि कढीपत्त्याला जायचं. ती दोन्ही झाडं त्या वर्षी वाचली.

रिठ्याचं गुणगान करताना त्याचे दोषही सांगायला हवेत. तो डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, म्हणून लागेल तेवढंच करावं. शेतकऱ्याच्या तेलकट-मातकट कपड्यांवर तो पुरा पडत नाही, तिथे मी आजही साबणवडीच वापरते. आणि ते पाणी माशांना मारक आहे, ओढ्यात किंवा शेततळ्यात सोडू नये. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, असं कुणी समजू नये. धोतराही नैसर्गिकच आहे. बाटलीवर कडुनिंबाच्या पानाचं चित्र काढून दुप्पट भावानं विकलेल्या द्रवालाही हेच लागू.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दर दिवाळीला खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सगळं घर लख्ख करण्याची कृती येते. तीही दुरुस्त करावी, ही विनंती. एक आम्ल, दुसरा अल्क. दोन्ही मिसळले की फसफसतात आणि एकमेकांचा जोर मारतात. उरतं ते जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरले तरच दोन्ही कामाचे.

एका गोष्टीवर मात्र मला थोडं थांबायचं आहे, ती म्हणजे डांबरगोळ्या. आपल्याकडे लेक बाळंतपणाला आली की आजी ट्रंकेतल्या जुन्या मऊ सुती साड्या काढते, त्यांची दुपटी शिवते. त्या साड्यांत वर्षानुवर्षं डांबरगोळ्या असतात. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता असते आणि वरून ते कळत नाही. अशा बाळाला डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वासाच्या कपड्यात गुंडाळलं तर तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते, जिवावर बेततं. गोळ्या काढून कपडे झटकून भागत नाही. ते धुवून दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकावे, आणि बाळाच्या वाट्याला जायच्या साड्या मुळात डांबरगोळ्यांत ठेवूच नयेत. आमच्या ट्रंकेत आता सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला असतो, सुती पिशवीत बांधलेला, आणि दर उन्हाळ्यात कपड्यांना ऊन दाखवते.

डासांसाठी खोली बंद करून अगरबत्ती जाळणाऱ्यांनी नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी पाहावं. हिमायतनगर तालुक्यातल्या या गावानं सांडपाण्यासाठी शोषखड्डे केले, उघडी गटारं गेली आणि त्याबरोबर डासही गेले.

मी रसायनांच्या विरोधात नाही. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडलीच पाहिजे. घरात कुणाला जुलाब-उलट्या लागल्या तर संडास ब्लीचिंगच्या पाण्यानंच धुवावा, तिथे लिंबू आणि कडुनिंब चालायचे नाहीत. माझं भांडण आहे ते गरज नसताना, नाव नसलेल्या बाटलीतून घरात येणाऱ्या विषाशी.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये ऍसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्यानं नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं, अठरा वर्षांखालच्यांना विकायचं नाही. ते ऍसिडहल्ले रोखण्यासाठी होतं, पण आमच्या गल्लीतला गाडीवाला सहावीतल्या पोराच्या हातातही बाटली देतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. पोलिसांनी आणि नगर परिषदेनं दिवाळीआधी या गाड्यांकडे लक्ष द्यावं. त्या गरीब माणसाचा धंदा बुडवा असं मी म्हणत नाही. त्याच गाडीवर त्यानं लिंबूसत्त्व आणि सोडा विकावा, मी पहिली गिऱ्हाईक होईन.

आपल्या अंकात जागा असेल तर एवढं चौकटीत छापावं: ऍसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नये, एकावर एक टाकू नये. वास येऊन घसा आवळला तर सगळं सोडून मोकळ्या हवेत यावं आणि दवाखाना गाठावा. अंगावर सांडलं तर किमान वीस मिनिटं पाणी ओतत राहावं. मुलानं चुकून प्यायलं तर उलटी काढू नये. तोंड धुवावं आणि बाटलीसकट दवाखान्यात न्यावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
औसा, जि. लातूर