सोबत असणाऱ्यालाही काहीतरी सांगा की

संपादक महोदय,

मनाच्या आरोग्यावर काहीही छापून आलं की शेवटी सल्ला ठरलेला, जवळच्या माणसाशी बोला, मन मोकळं करा. सल्ला चूक नाहीये. २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांच्या टीमने विवाहित बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून आता शॉक बसू शकतो अशी धास्ती घातली, तेव्हा नवऱ्याचा हात हातात असला की मेंदूतली धोक्याची घंटा जरा मंदावलेली दिसली, अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला (आणि ज्यांचं नवऱ्याशी छान जमायचं त्यांना जास्त, हे काय सांगायला हवं!). त्यामुळे दुसऱ्याच्या आधाराने शांत होणं म्हणजे कमकुवतपणा असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

पण ज्याला माणसांचीच भीती वाटते त्याने काय करायचं? सोशल अँग्झायटी असलेल्याला सतत वाटत असतं की लोक आपल्याला जोखतायत, आपलं हसं होणार, मग त्याची सगळी भिस्त एकाच कुणावर तरी येऊन पडते, बहीण म्हणा, नवरा म्हणा, जुना मित्र म्हणा. फोन या सोबतच्या माणसानेच लावायचा, चारचौघांत बोलायचं त्यानेच, आणि घरी आल्यावर रात्री उशिरापर्यंत "मी काही वेडंवाकडं बोलले नाही ना, ती अशी का बघत होती" हे चालूच. समोरचा म्हणतो अगं काही नाही झालं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि सकाळी परत तोच प्रश्न.

क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हेच मांडलं होतं की भीती टाळायला आपण जे बचावाचे उपाय करतो तेच भीतीला जिवंत ठेवतात, कारण काही वाईट झालं नाही तर श्रेय त्या उपायाला जातं, आपल्याला नाही. सोबतचा माणूससुद्धा असा उपाय होऊन बसतो, "ती होती म्हणून निभावलं". पुढे २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीफन हॉफमन यांनीही लिहिलं की भावना सांभाळायला दुसऱ्यावर टेकण्याची पद्धत अँग्झायटी टिकवून ठेवू शकते, आणि भावना सांभाळायला माणूस दुसऱ्याची मदत कशी घेतो हे मोजणाऱ्या २०१६ च्या त्यांच्या २० प्रश्नांच्या प्रश्नावलीत नुसतं सांत्वन मागणं वेगळं धरलंय आणि दुसरे अशा वेळी कसं निभावतात ते बघणं वेगळं. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे, नुसता धीर द्यायचा की स्वतः निभावायला मदत करायची.

म्हणून एक विनंती. असे लेख त्रास होणाऱ्यासाठीच लिहिले जातात, सोबतच्या माणसाला कोणी काही सांगतच नाही, तो बिचारा प्रेमापोटी धीर देत राहतो. एकदम हात काढून घ्या असं नाही म्हणत मी, ते तर क्रूरच होईल. पण दहाव्यांदा "काही नाही झालं" म्हणण्याऐवजी "तुला स्वतःला काय वाटतं, तिने नक्की काय बघितलं असेल?" असं विचारायचं, फोन ज्याला भीती वाटते त्यालाच लावू द्यायचा आणि आपण नुसतं शेजारी बसायचं, पुढच्या वेळी बाजूच्या खोलीत, हे कसं जमवायचं यावर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून सविस्तर लिहून घ्या ना.

- एक वाचक