‘तंबाखू खाता का’ नको, ‘मिश्री लावता का’ विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

३१ मे, जागतिक तंबाखूविरोधी दिन आला की सगळीकडे सिगरेटवर फुली मारलेलं चित्र दिसतं, पण आमच्या सातारा भागातल्या खेड्यात पोटुशी बाई सिगरेट ओढताना मी तरी कधी बघितली नाही, आमच्याकडे असते ती मिश्री, कोकणात मशेरी म्हणतात, आणि तिला कुणी व्यसन समजतच नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटाने दातांवर घासत बसायचं.

माझी धाकटी जाऊ तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला गेली तेव्हा मी सोबत होते. सिस्टरनी विचारलं, तंबाखू खाता का? ती नाही म्हणाली. खोटं नव्हती बोलत हो, ती खात नाही, लावते! दिवसातून चार वेळा. पाचव्या महिन्यात वजन वाढेना म्हणून दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेलो, त्यांनी दात बघितले आणि थेट विचारलं, मिश्री कधीपासून लावतेस? मग समजावून सांगितलं की थुंकून टाकली तरी निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, वारेतून बाळापर्यंत पोचतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला मिळायचं ते कमी पडतं. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता, त्यात तंबाखू वापरणाऱ्यांची (बहुतेकींची मिश्रीच) बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस भरायच्या आधी बाळंत होणाऱ्याही त्यांच्यात जास्त.

सोडणं सोपं नव्हतं. पहिले तीन दिवस नुसतं डोकं धरून बसायची, उगाच रडायची, पोट साफ होईना (त्यासाठीच तर निम्म्या बायका लावतात), आणि सासूबाईंनी तंबाखू भाजायला घेतली की त्या वासानेच कासावीस व्हायची. मॅडमनी सांगितलेलं की तलफ थोड्या मिनिटांची असते, तेवढी काढायची. मग ती उठून पाणी प्यायची, बडीशेप चघळायची, अंगणात फेऱ्या मारायची. तरी दोनदा परत लावलीच. शेवटी सासूबाईंनी न बोलता तवा आणि डबी दोन्ही गोठ्यात नेऊन ठेवलं, तेव्हा कुठे सुटली.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते ना, तिथे मिश्री, मशेरी, तपकीर असं एकेक नाव घेऊन विचारा, आणि सासूसमोर नको, बाजूला घेऊन विचारा. हो म्हणाली तर रागावू नका, रागावलं की पुढच्या वेळी ती नाहीच म्हणणार. तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर केसपेपरवरच लिहून द्या.

आम्हाला तिसऱ्या महिन्यात कळायला हवं होतं ते पाचव्यात कळलं. ते दोन महिने अजून डोक्यातून जात नाहीत.

- एक वाचक, सातारा जिल्हा