कैगाच्या जड पाण्याचा हिशेब मराठीतूनही द्या

मा. संपादक यांस,

कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात पाचवी आणि सहावी अणुभट्टी होणार हे ठरल्यापासून बेळगाव-खानापूर भागात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, कैगा उडाले की आपली राखही उरणार नाही. दुसरा म्हणतो, वीज हवी ना, मग गप्प बसा. दोघांचाही नेम चुकतो. कैगात जळते ते नैसर्गिक युरेनियम. त्यात युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के असते, त्याचा बॉम्ब होत नाही. खरी भीती असते ती भट्टी बंद केल्यावरही इंधनात धुमसत राहणाऱ्या उष्णतेची. 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली आणि केंद्र सुमारे 17 तास विजेविना राहिले, तेव्हा डिझेलवर चालणारे आगीचे पंप लावून ही उष्णता काढावी लागली होती. पण असे प्रसंग क्वचित येतात. रोज घडते ते जड पाण्याचे (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असलेल्या, भट्टीतली उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याचे) गळणे, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही.

कैगात सध्या 220 मेगावॉटच्या चार भट्ट्या आहेत. एकेका भट्टीत 306 आडव्या नळ्या, प्रत्येक नळीत इंधनाची 12 बंडले. बंडल म्हणजे जवळपास अर्धा मीटर लांबीची, 19 बारीक कांड्यांची मोळी. भट्टी चालू असतानाच दोन्ही टोकांना एकेक यंत्र येऊन नळीचे तोंड पकडते. एका बाजूने आठ नवी बंडले आत ढकलली की दुसऱ्या बाजूने आठ वापरलेली बाहेर येतात. पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या भट्टीत हे साधारण रोज एकदा होते. या नळ्यांतून जड पाणी चौरस सेंटिमीटरला सुमारे 87 किलो दाबाने आणि 290 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमानाने फिरत असते. पंपांची सीले, व्हॉल्व्हच्या दांड्यांची पॅकिंगे, इंधन भरणाऱ्या यंत्राची तोंडे, स्टीम जनरेटरच्या हजारो बारीक नळ्या, अशा शेकडो जागी थेंब-थेंब गळती संभवते. गळलेली वाफ ड्रायरमधून ओढून पुन्हा गोळा करतात, कारण जड पाण्याचा भाव किलोमागे हजारोंत आहे. तिच्यात हवेतला साधा ओलावा मिसळला की 99.7 टक्क्यांच्या वरची शुद्धता घसरते आणि ते पाणी पुन्हा ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यातून काढावे लागते. कैगाच्या पावसाळ्यात हवा किती दमट असते हे जोयड्याच्या माणसाला सांगायला नको.

जड पाण्यातल्या ड्युटेरियमने न्यूट्रॉन गिळला की ट्रिटियम हा किरणोत्सर्गी हायड्रोजन तयार होतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, 12.3 वर्षे. त्याचा किरण इतका दुबळा की त्वचेच्या वरच्या थरातही अडतो. पोटातून, श्वासातून किंवा त्वचेतून शरीरात गेला तरच तो त्रास देतो, आणि पाण्याच्याच रूपात असल्याने शरीरभर पसरतो. तो शोधायची पद्धत साधी आहे: लघवीचा नमुना एका द्रवात मिसळून त्यातले मंद चमकणे मोजायचे. निम्मा ट्रिटियम साधारण दहा दिवसांत आपोआप बाहेर पडतो, भरपूर पाणी पाजले तर त्याहून लवकर. आयोडीनच्या गोळीचा येथे उपयोग शून्य. ती थायरॉईडसाठी असते, तीही किरणोत्सर्गी आयोडीन बाहेर पडला तरच. आयोडीनच्या गोळ्या घेतल्या की झाले, अशा बाता मारणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

नोव्हेंबर 2009 मध्ये कैगात ट्रिटियम नेमका असाच पोटात गेला. नेहमीच्या लघवी-तपासणीत पन्नासाहून अधिक कर्मचाऱ्यांत ट्रिटियम जास्त आढळला. शोध घेता घेता मूळ सापडले पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये. कोणीतरी आतल्याच माणसाने जड पाण्याच्या नमुन्याच्या कुप्या त्यात ओतल्या, असा निष्कर्ष केंद्र चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन या कंपनीनेच काढला.  अणुभट्टीत काहीही बिघडले नव्हते. नमुन्याची कुपी कोणाच्या हाती आणि कोणत्या कपाटात, हे पाहणारा कोणी नव्हता एवढेच. बाहेरच्यांना बातमी कळली ती काही दिवसांनी, वर्तमानपत्रांतून. ही दिरंगाई आम्हाला कुपीइतकीच खटकते.

दुसरी गोष्ट नळ्यांची. कैगाच्या पहिल्या भट्टीने 13 मे 2016 ते 31 डिसेंबर 2018 असे सलग 962 दिवस चालून जागतिक विक्रम केला, तेव्हा सर्वत्र अभिनंदन झाले, आणि ते रास्तच होते.     पण नळ्यांची आतून खरी तपासणी भट्टी बंद असतानाच होते. विक्रमानंतर भट्टी थांबली तेव्हा किती नळ्या तपासल्या, किती झिजल्या, किती फुगल्या हे अभिनंदनाच्या बातम्यांत कोठे नव्हते. गुजरातेतल्या काकरापार केंद्राची पहिली भट्टी 11 मार्च 2016 रोजी नळीच्या गळतीमुळे बंद पडली आणि सुमारे तीन वर्षे बंदच राहिली. नळीचे गंजणे बाहेरच्या अंगाने, आतली नळी आणि तिच्याभोवतीची बाहेरची नळी यांमधल्या पोकळीत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या बाजूने झाले होते. तो वायू किती शुद्ध आणि किती कोरडा, एवढ्या छोट्या गोष्टीवर तीन वर्षांची वीज अवलंबून होती.

तपासणीची कागदपत्रे दडवली की काय होते ते जपानने पाहिले आहे. टोकियोच्या टेप्को कंपनीने भेगांच्या नोंदी वर्षानुवर्षे खोट्या लिहिल्याचे 2002 मध्ये उघड झाले. अध्यक्षांना जावे लागले, आणि पुढच्या वसंतापर्यंत कंपनीच्या 17 च्या 17 भट्ट्या तपासणीसाठी बंद होत्या. आपल्याकडे असे काही झाले आहे, असे आम्ही म्हणत नाही. मात्र देशाच्या महालेखापरीक्षकांनी 2012 च्या अहवालात, अणुसुरक्षेचे नियम मोडणाऱ्याला कायद्याने होणारा दंड जास्तीत जास्त 500 रुपये असल्याचे लिहिले होते. बेळगावात नो पार्किंगमधली गाडी उचलली तरी त्याच्या आसपासच पावती फाडावी लागते.

आता आपल्या भागाचा प्रश्न. कैगा बेळगावपासून सरळ रेषेत 110 किलोमीटर, खानापूरपासून 85 च्या आसपास आहे. आणीबाणीचे नियोजन 16 किलोमीटरपर्यंत आणि पर्यावरण प्रयोगशाळेचे नमुने सुमारे 30 किलोमीटरपर्यंत. त्यामुळे गाव सोडायची तयारी आपल्याला करायची नाही. तसे सांगणारे उगाच घाबरवतात. आपला संबंध येतो तो ताटातून. कॅम्पातल्या मच्छी मार्केटात येणारी कारवारची मासळी जेथून येते तेथेच काळी नदी समुद्राला मिळते, आणि कैगा याच नदीवर कोडसळ्ळी व कद्रा या दोन धरणांच्या मध्ये आहे. कद्राच्या पाण्यावरच चारही भट्ट्या थंड होतात. पण एवढ्यावरून मासळी टाकून द्यायची गरज नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे 10,000 बेकरेल (किरणोत्सर्गाचे माप) ट्रिटियमपर्यंतची मार्गदर्शक पातळी दिलेली आहे. कद्रात प्रत्यक्ष किती आहे ते महिन्याच्या महिन्याला छापा, म्हणजे संशयाला जागाच राहणार नाही.

तेव्हा पाचव्या-सहाव्याच्या निमित्ताने मागायचे ते एवढेच: कद्रा जलाशय आणि काळीच्या मुखाशी दर महिन्याला मोजलेला ट्रिटियम, प्रत्येक भट्टीतून वर्षाला किती किलो जड पाणी हरवले, त्यातले हवेत किती आणि नदीत किती, आणि भट्टी मोठ्या कामासाठी बंद ठेवल्यावर प्रत्येक वेळी तपासलेल्या नळ्यांची संख्या व त्यातल्या बदललेल्यांची संख्या. तीन बाबी, एक कागद. तो कन्नड, कोकणी आणि मराठी या तिन्ही भाषांत कारवारला, जोयड्याला आणि खानापूरच्या तहसील कचेरीच्या फलकावर लावावा. मराठीतला कागद मागितला की आपल्याकडे भाषेचे राजकारण सुरू होते, याची कल्पना आहे. पण लोंढ्याच्या दूधवाल्याला बेकरेल समजावून सांगायचे असेल तर ते त्याच्याच बोलीत सांगावे लागेल.

सुनावण्या झाल्या तेव्हा रोजगार, जमीन आणि झाडे यांवर पुष्कळ बोलणे झाले, ते योग्यच. नव्या 700 मेगावॉटच्या भट्टीत 306 ऐवजी 392 नळ्या आहेत. जड पाण्याचा हिशेब त्या प्रमाणात वाढणार. पहिले बंडल आत जाण्याआधी हा कागद सुरू झाला, तर नंतरच्या आकड्यांची तुलना करायला आधार राहील. भट्टी चालू झाल्यावर सुरू केला तर ‘आधी किती होते’ याचे उत्तर कोणाकडेच नसेल.

— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव