दार लावून विचारायचा प्रश्न

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मणक्याच्या शस्त्रक्रियांविषयी आपल्या पत्रसदरात गेले काही दिवस वाचक लिहीत आहेत. ऑपरेशनचा सल्ला फार लवकर दिला जातो, अशी बहुतेकांची तक्रार आहे. वाशीत गेली २२ वर्षे मणक्याचा शल्यचिकित्सक म्हणून काम करताना ही तक्रार पुष्कळ अंशी खरी असल्याचे मी पाहिले आहे. पण काही रुग्णांचे ऑपरेशन फार उशिरा होते, याविषयी मात्र कोणी लिहिलेले दिसले नाही. माझ्या अनुभवात या दोन्हींचे मूळ एकच आहे: रुग्णाचे म्हणणे कोणी पुरते ऐकून घेतलेले नसते.

माझ्या हातून झालेल्या चुकीपासून सुरुवात करतो. १२ वर्षांपूर्वी, पावसाळ्यातील एका सोमवारी, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात काम करणारे एक माथाडी कामगार माझ्या ओपीडीत आले. वय चाळिशीचे, गाव सातारा जिल्ह्यातले. ५० किलोची गोणी पाठीवर घेऊन ट्रकमधून उतरताना ओल्या फळीवरून पाय घसरला होता आणि तेव्हापासून कंबर व दोन्ही पाय ठणकत होते. बरोबर पत्नी आणि कॉलेजात शिकणारी मुलगी होती. बाहेर ४० रुग्ण ताटकळत होते आणि अर्धवट उघड्या दारातून पुढचा रुग्ण आत डोकावत होता. मी त्यांना झोपवून पाय उचलून पाहिले, अंगठ्याची ताकद पाहिली, गोळ्या लिहून दिल्या आणि एमआरआय करून चार दिवसांनी यायला सांगितले. बुधवारी रात्री ते रिक्षातून परत आले तेव्हा त्यांचे ओटीपोट बेंबीपर्यंत फुगले होते. नळी घातल्यावर पिशवीत दीड लिटरच्या वर लघवी जमा झाली. रविवार संध्याकाळपासूनच लघवी नीट होत नव्हती आणि बसायच्या जागेला बधिरपणा आला होता. त्याच रात्री तातडीने एमआरआय करून पहाटे ऑपरेशन केले. ‘‘सोमवारी हे सांगितलं का नाही?’’ असे मी नंतर विचारले, तेव्हा ते खाली बघत म्हणाले, ‘‘साहेब, पोरीसमोर कसं सांगायचं? आन् तुम्हीबी इचारलं न्हाई.’’

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांचा एक झुपका उतरतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून वैद्यकात त्याला त्याच अर्थाचे लॅटिन नाव आहे, कॉडा इक्वायना. पायांच्या नसांबरोबर मूत्राशय, गुदद्वार आणि लैंगिक अवयव यांच्या नसाही याच झुपक्यात असतात. दोन मणक्यांमधल्या गादीचा मोठा तुकडा सरकून हा झुपका चेपला गेला, तर शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ४८ तासांच्या आत दाब काढावा, असे आम्ही मानतो. पायांतली ताकद नंतरही बरीचशी परतू शकते, पण लघवीचा ताबा एकदा पूर्ण गेला की परत येईलच असे नाही. माझ्या या रुग्णाचे तसेच झाले. सहा महिन्यांत ते नीट चालू लागले, मात्र आजही दिवसातून चार वेळा स्वतःच्या हाताने नळी घालून त्यांना लघवी काढावी लागते. गोणी उचलणे सुटले. आता ते त्याच बाजारात एका गाळ्यावर वजनाच्या चिठ्ठ्या लिहितात. सोमवारी एक प्रश्न विचारायला मला अर्धे मिनिटही लागले नसते.

आता वाचकांच्या तक्रारीकडे येतो. ऐरोलीतल्या एका संगणक कंपनीत काम करणारा तिशीतला तरुण अलीकडेच माझ्याकडे आला. ‘‘मणक्यात गॅप आलाय,’’ हे त्याचे पहिले वाक्य. अहवालात तीन गाद्यांची झीज लिहिली होती आणि एका नसेला गादी टेकल्याचा उल्लेख होता. तो वाचल्यापासून तीन आठवडे त्याने वाकून बुटाची नाडी बांधली नव्हती, दोन वर्षांच्या लेकीला उचलून घेतले नव्हते. डावा पाय दुखत होता हे खरे, पण पायाची ताकद शाबूत होती, बधिरपणा नव्हता, लघवी ठीक होती. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखीचा कसलाही त्रास नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला होता, आणि त्यांतील जेमतेम ३६ टक्के लोकांच्या सगळ्या गाद्या निर्दोष निघाल्या. केस पिकावेत तशा गाद्या झिजतात. झीज दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ सापडले असे होत नाही. गादी सरकल्याने होणारी पायाची कळ बहुसंख्य रुग्णांत ६ ते १२ आठवड्यांत ओसरते, आणि निसटलेला तुकडा मोठा असला तरी शरीर तो बऱ्याचदा स्वतःच विरघळवते. हे सारे त्या तरुणाला समजावून सांगायला ४० मिनिटे लागली. दोन महिन्यांनी तो लेकीला कडेवर घेऊनच दाखवायला आला.

नुसत्या चित्रावर विसंबले की कधी चित्रच चुकीच्या जागेचे निघते, त्याचेही एक उदाहरण देतो. बेलापूर गावातल्या एक आजी, वय ६८, मुलाबरोबर आल्या. चालताना तोल जातो, पाय जड होतात, म्हणून त्यांच्या कमरेचा एमआरआय दोनदा झाला होता आणि कमरेच्या ऑपरेशनचा सल्लाही मिळाला होता. मुलगा फाइल उघडून सगळे भराभर सांगत होता. मध्येच आजी म्हणाल्या, ‘‘चप्पल पायातून कधी निसटते, कळतच नाही.’’ मुलगा म्हणाला, ‘‘आई, ते राहू दे, कमरेचं सांग.’’ मी त्याला थांबवले आणि आजींना बोलू दिले. तांदूळ निवडताना खडा चिमटीत येत नाही, ब्लाउजचे हूक सुनेला लावावे लागतात, हेही मग त्यांनी सांगितले. मूठ उघडझाप करायला सांगितली. निरोगी माणूस १० सेकंदांत २० वेळा ती सहज करतो, आजींची ११ वेळा झाली. दुखणे कमरेत नव्हतेच, मानेत मज्जारज्जू दबला होता. मानेचे ऑपरेशन केले. बोटांतली सफाई पूर्ण परतली नाही, पण बिघाड तिथेच थांबला आणि आजी आता काठी न घेता देवळात जातात. कमरेचे ऑपरेशन झाले असते, तर मानेतला दाब वाढतच राहिला असता.

मणक्याच्या क्षयाविषयी थोडक्यात लिहितो, कारण आपल्या भागात तो अजूनही भरपूर दिसतो, विशेषतः तरुण स्त्रियांत. रात्री झोप मोडणारी पाठदुखी, संध्याकाळची कणकण, उतरत चाललेले वजन हे सगळे रुग्ण सांगत असतो, पण बाळंतपणाची कंबर म्हणून ते मनावर घेतले जात नाही. वेळेत ओळखले तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. किमान १२ महिने औषधे घ्यावी लागतात, ती सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १००० रुपये खात्यावर जमा होतात. सासरी कळेल म्हणून औषध मध्येच सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्याशीही दार लावूनच बोलावे लागते.

मग एवढे ऐकून घेतले का जात नाही? सहकाऱ्यांवर दोषारोप करण्याचा माझा हेतू नाही. त्या सोमवारी मीही घड्याळाकडे पाहतच तपासत होतो. पण आमच्या पेशातला पैसा कुठून येतो हे लोकांना ठाऊक असायला हवे. रुग्ण दाखल झाला, शस्त्रक्रिया झाली, की विमा कंपनी पैसे देते. तपासणी, समुपदेशन आणि सहा आठवड्यांची फिजिओथेरपी यांचा खर्च बहुतेक पॉलिसींत रुग्णाच्या खिशातूनच जातो. हातावर पोट असलेल्या माणसाला तर रोज व्यायामाला येणे म्हणजे रोजचा खाडा. ‘‘ऑपरेशन विम्यात बसतंय आणि व्यायाम बसत नाही, मग मी काय करू?’’ असे एका रिक्षाचालकाने मला विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडींसाठी कायदा केला, तो अशा श्रमिकांना आधार देणारा देशातला अग्रेसर कायदा होता. पाठीच्या दुखण्यावर सुरुवातीलाच पगारी विश्रांती आणि मोफत फिजिओथेरपी मिळण्याची सोय त्याच परंपरेला धरून माथाडी मंडळांनी करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. गोण्यांचे वजन ५० किलोंवरून खाली आणण्याचा विचारही व्यापारी आणि कामगार संघटनांनी एकत्र बसून करावा.

आमच्या शिक्षणाविषयीही मला वाटते ते लिहितो. गादी सरकून नस दबते आणि ती काढून पायाची कळ थांबवता येते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, स्क्रू, संगणकाचे मार्गदर्शन असे हे तंत्र फार पुढे गेले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. माझ्याकडे शिकायला येणारे तरुण शल्यचिकित्सक कळीच्या जागी स्क्रू अचूक बसवतात. परंतु परक्या माणसाला त्याच्या लघवीविषयी आणि संबंधांविषयी संकोच न वाटू देता कसे विचारायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. हे मी आता त्यांना ओपीडीत समोर बसवून शिकवतो. नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर बसायला सांगायचे, दार लावायचे, रुग्णाच्या शेजारी बसायचे आणि साध्या मराठीत विचारायचे. त्या सोमवारनंतर हा प्रश्न मी केसपेपरवर छापूनच घेतला आहे. त्यापुढचा रकाना भरल्याशिवाय माझ्याकडे औषध लिहिले जात नाही.

ठाणे आणि नवी मुंबईतील सरकारी, पालिकेच्या व खासगी रुग्णालयांच्या प्रमुखांना माझी विनंती आहे, की हाडांच्या व मणक्यांच्या ओपीडीत एकाच टेबलाभोवती चार रुग्ण उभे करण्याची पद्धत बंद करावी आणि प्रत्येक रुग्णाला दोन मिनिटे तरी एकांत मिळेल अशी व्यवस्था करावी. आणि आपल्या वाचकांना सांगायचे आहे, की कंबर किंवा पाय दुखत असताना लघवी अडली, नकळत होऊ लागली, शौचाची जाणीव गेली, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला किंवा पाऊल लुळे पडले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि तिथल्या डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा, त्यांनी विचारले नाही तरी.

आपला विश्वासू,
मणक्याचा एक शल्यचिकित्सक, वाशी, नवी मुंबई
(रुग्णांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)